स्टेशन ‘लागतं’ की ‘पकडतात’?

प्रश्न असा आलाय की शॉर्टवेव्ह, म्हणजे दूरदूरची स्टेशनं आणणाऱ्या रेडिओलहरी, ऐकणारी जुनी माणसं "सिलोन लागलं" (म्हणजे श्रीलंकेचं रेडिओ सिलोन) म्हणतात, पण रेडिओ तर आपण लावतो, मग स्टेशन आपोआप 'लागतं' कसं, आणि 'स्टेशन पकडलं' हे चूक आहे का?

चूक अजिबात नाही, पण 'लागलं' मला फार नेमकं वाटतं. लावणे हे लागणेचं प्रयोजक रूप, मूळ धातू संस्कृत लग्, म्हणजे चिकटणं, भिडणं. आता बघा, विहीर आपण खणतो पण पाणी 'लागतं', फोन आपण लावतो पण तो लागेल तेव्हाच लागतो. आणि तंबोरा! खुंट्या पिळून, मणी सरकवून तो 'लावतात', म्हणजे ट्यूनिंगला मराठीत लावणे हा शब्द रेडिओ यायच्या कितीतरी आधीपासून होता, आणि सगळं जुळून आलं की आपण म्हणतो सूर लागला. खटपट आपली, पण लागणं पूर्णपणे आपल्या हातात नाही.

शॉर्टवेव्हचं तर अक्षरशः तसंच आहे, कारण लहरी वर आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या उंचावरच्या विद्युतभारित थरांवरून, वळून खाली येतात आणि तिथली परिस्थिती तासातासाला बदलते. दिवसा त्याचा खालचा थर 41 आणि 49 मीटर लांबीच्या लहरी बऱ्याचशा शोषून घेतो, अंधार पडला की तो थर विरतो, आणि दुपारी जिथे नुसती खरखर होती तिथे रात्री हजारो किलोमीटरवरचं कुणीतरी बोलायला लागतं. आमच्याकडच्या व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओ सेटला स्टेशन किती नीट जुळलंय ते दाखवणारा हिरवा दिवा, म्हणजे डोळा, होता, काटा केसभर सरकवायचा, आधी खरखर, मग शेजारच्या स्टेशनची शिट्टी, मग डोळ्यातली सावली मिटत मिटत यायची आणि आवाज एकदम मोकळा व्हायचा, त्या क्षणाला घरात सगळे म्हणायचे "लागलं लागलं, हात काढ!" 1952 पासून बुधवारी रात्री 8 ला सिलोनवरच्या बिनाका गीतमालेसाठी किती घरांत हेच वाक्य उमटलं असेल.

मीटरला जोडून येणारा 'ला' पण ऐका, "31 मीटरला काय लागतं?", जसं आपण दादरला, पुण्याला म्हणतो. मीटर ही खरं तर लहरीची लांबी, 300 ला मेगाहर्ट्झने भागलं की येते, 7.3 मेगाहर्ट्झ म्हणजे साधारण 41 मीटर, पण ऐकणाऱ्यांनी त्या लांबीचं गाव करून टाकलं, हे मला फार आवडतं.

राहिलं 'पकडणं'. ते मी सेटच्या ताकदीबद्दल वापरतो, "हा सेट 13 मीटर नीट पकडत नाही, एरियल वाढवायला हवी." स्टेशनबद्दल बोलताना मात्र लागलं, नाहीतर आज लागत नाहीये.