बाबांसाठी हॉस्पिस: आत्ता एवढंच बघा

ताई, हॉस्पिस म्हणजे पेशंटला "सोडून देणं" हे आधी डोक्यातून काढा. आजार बरा करायची ट्रीटमेंट थांबते, पण दुखणं, धाप, उलट्या यांची उलट जास्त नीट चालू होते, आणि बऱ्याचदा घरीच. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासूनचं, देशातलं पहिलं, कॅन्सर पेशंटसाठी, पण ठाण्याहून रोजचं जाणं-येणं झेपेल का ते बघा. बाबांची फाइल टाटा हॉस्पिटलला असेल तर तिथल्या पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या, ओपीडीत आधी विचारा.

नवीन माणसाच्या ठरलेल्या चुका:

- उशीर. सासूबाईंच्या वेळी आम्ही शेवटचे आठ दिवस राहिल्यावर फोन केला, त्याआधी महिनाभर कळव्याच्या घरात त्या कूस बदलताना ओरडायच्या.
- मॉर्फिनची, म्हणजे दुखण्यावरच्या जोरदार औषधाची, भीती. डॉक्टरांनी लिहिलेला डोस घड्याळाप्रमाणे द्या, दुखायची वाट बघू नका. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या, नाहीतर बद्धकोष्ठतेनेच हैराण होतील.
- बळंच भरवणं. भूक मरतेच ओ. पेजेचे दोन चमचे गेले तरी बास, ओठ सुकले की ओल्या कापसाने टिपायचे. शेजारच्या काकू "सलाईन तरी लावा" म्हणतील, हो म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

सिरिंज पंप (सुईतून हळूहळू औषध सोडणारं यंत्र) वगैरे आत्ता वाचत बसू नका. बाबांना कुठे राहायचंय ते त्यांनाच विचारा, आणि भावाला सांगा शनिवार-रविवारची रात्र त्याची.