टीव्ही, कूलर आणि रिमोट : वाचकांच्या तक्रारी, आमची उत्तरे

एप्रिल उजाडला की या सदराच्या टपालात तक्रारींचा भर येतो, कारण उन्हामुळे माणसे घरात बसतात आणि घरात बसली की टीव्हीशी त्यांचे भांडण सुरू होते. यंदाची पत्रे वाचताना बहुतेक तक्रारींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसली. यंत्र दुकानात उठून दिसावे आणि विकल्यानंतरही त्यातून कंपनीला मिळकत होत राहावी अशा बेताने ते लावलेले असते, आणि आपण ते तसेच्या तसे घरी चालवत राहतो. त्यामुळे पुढील उत्तरांत नव्या खरेदीचे सल्ले थोडे आणि रिमोट हातात घेऊन करायच्या खटपटी अधिक आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दिवाळीत 55 इंची टीव्ही आला. चित्र सुरेख दिसते, परंतु पात्रे काय बोलतात ते मला आणि आमच्या ह्यांना कळत नाही. आवाज वाढवला तर पार्श्वसंगीताने कानठळ्या बसतात आणि सूनबाई आतून ओरडते. शिवाय दुपारभर कूलर चालू असतो. दोष कानांचा मानावा की टीव्हीचा?
— एक निवृत्त शिक्षिका, मनीषनगर

उत्तर : दोष कानांचा, कूलरचा आणि टीव्हीचा असा तिघांचा आहे, पण वाटणी सारखी नाही. वयपरत्वे उंच पट्टीचे ध्वनी आधी कमी ऐकू येऊ लागतात, आणि स, श, फ, त यांसारखी व्यंजने ओळखू येण्यासाठी लागणारा ध्वनी बराचसा त्याच पट्टीत असतो. म्हणून कोणीतरी बोलत आहे एवढे समजते, काय बोलत आहे ते समजत नाही. कूलरच्या पंख्याचा घोंघाट खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असल्यामुळे ही आधीच दुबळी व्यंजने तो झाकून टाकतो.

तथापि माझा खरा राग टीव्हीवर आहे. जुन्या जाडजूड टीव्हीत स्पीकर बहुधा समोर तोंड करून बसवलेले असत. आता पडदा बोटभर जाडीचा करण्याच्या हौसेपायी ते खालच्या कडेला किंवा पाठीमागे दडवले जातात, आणि आपल्यापर्यंत पोहोचतो तो टेबलावर किंवा भिंतीवर आपटून आलेला आवाज. एवढे पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूने आपल्याकडे पाठ करून बोलावे, हा उद्धटपणा आपण फारच निमूटपणे सोसत आलो आहोत.

यात भर पडते ती ध्वनिमिश्रणाच्या पद्धतीची. ओटीटीवरील पुष्कळ चित्रपट आणि मालिका 5.1 पद्धतीने, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा स्पीकर गृहीत धरून मिसळलेल्या असतात व त्यांतील संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी राखलेले असतात. आपल्या टीव्हीला मधला स्पीकर नसतो, त्यामुळे सहा वाटांनी यायचा आवाज दोन वाटांत कोंबला जातो आणि संवाद संगीताखाली दबतात. यावर पैसा खर्च न करता बरेच काही करता येते. चित्रपट सुरू असताना भाषेची यादी उघडून पाहावी आणि 5.1 व्यतिरिक्त साधा स्टिरिओ पर्याय दिसला तर तो निवडावा. टीव्हीच्या ध्वनी विभागात 'क्लिअर व्हॉइस' किंवा तत्सम नावाची सोय असल्यास ती चालू करावी, आणि 'सराउंड' म्हणून जे काही असेल ते निःशंकपणे बंद करावे. 'नाइट मोड' असेल तर तो भरदुपारीही कामाला येतो, कारण मोठा आवाज खाली आणि बारीक आवाज वर आणणे हेच त्याचे काम असते.

कूलरविषयी नागपूरकरांना शहाणपण शिकवणे धाडसाचे आहे, तरीही सांगतो. समोरचे दार किंवा खिडकी किलकिली ठेवली नाही तर खोलीतली हवा दमट होते, गारवा जाणवेनासा होतो आणि घरातले कोणीतरी उठून पंख्याचा वेग वाढवते. बोअरच्या पाण्याचे क्षार साचून ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या पाणी धरणाऱ्या गाद्या, कडक झाल्या असतील तरीही हेच घडते. ताट्या बदलल्या आणि हवेला बाहेर पडायला वाट ठेवली की मधल्या वेगावरही भागते, आणि संवाद ऐकू येण्यात जेवढा फरक याने पडतो तेवढा कित्येकदा नव्या यंत्रानेही पडत नाही. कूलरची ओली हवा थेट टीव्हीवर मात्र येऊ देऊ नये.

एवढे करूनही भागले नाही तरच साउंडबार घ्यावा, आणि घ्यायचाच तर मधला स्वतंत्र स्पीकर असलेला, ज्याच्या खोक्यावर 3.1 किंवा 5.1 असे लिहिलेले असते तो घ्यावा. बर्डीतल्या दुकानात विक्रेता हमखास स्फोटांचे दृश्य लावून दाखवील. त्याला नम्रपणे थांबवून बातम्या लावायला सांगाव्यात आणि निवेदकाचा प्रत्येक शब्द हळू आवाजात कळतो का ते पाहावे. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर एआरसी अशी अक्षरे असतात तिलाच तो जोडला, तर आवाजासाठी दुसरा रिमोट सांभाळावा लागत नाही.

प्रश्न : नव्या टीव्हीवर मोठमोठे चित्रपटसुद्धा दुपारच्या मालिकेसारखे दिसतात. मित्र म्हणतात की पडदा चांगला असल्यामुळे तसे होते. हे खरे आहे का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नंदनवन

उत्तर : मित्रांचे ऐकू नका. बोलपट आले तेव्हापासून चित्रपट सेकंदाला 24 चौकटी या गतीने चित्रित होत आले आहेत आणि त्या गतीतली किंचित थरथर आपल्या डोळ्यांनी 'सिनेमा' म्हणून स्वीकारलेली आहे. नवे टीव्ही दोन चौकटींच्या मधल्या चौकटी स्वतःच्या कल्पनेने तयार करून घुसवतात, त्यामुळे हालचाल गुळगुळीत होते आणि लाखो रुपयांचे सेट पुठ्ठ्याचे वाटू लागतात. सोनी या सोयीला 'मोशनफ्लो' म्हणते, एलजी 'ट्रूमोशन', तर सॅमसंगच्या टीव्हीत ती 'ऑटो मोशन प्लस' किंवा 'पिक्चर क्लॅरिटी' या नावांनी सापडते. 2018 च्या डिसेंबरात अभिनेता टॉम क्रूझ याने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरीसह एक चित्रफीत काढून ही सोय बंद करण्याची विनंती प्रेक्षकांना केली होती, आणि पुढच्याच वर्षी 'फिल्ममेकर मोड' नावाचा पर्याय जाहीर झाला, ज्यात असल्या सगळ्या सुधारणा आपोआप बंद होतात. आपल्या टीव्हीत तो असेल तर तोच निवडावा, नसेल तर 'सिनेमा' निवडून ही सोय हाताने बंद करावी. अनेक टीव्हींत प्रत्येक इनपुटसाठी हे वेगळे करावे लागते, म्हणून एकदा बंद केलेले भूत सेट टॉप बॉक्स लावताच पुन्हा दिसले तर दचकू नये.

क्रिकेटसाठी तरी ती चालू ठेवावी, असे सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. खेळाचे प्रक्षेपण मुळातच अधिक चौकटींचे असते, आणि वेगाने जाणाऱ्या चेंडूचा अंदाज बांधताना यंत्र गडबडले की चेंडूभोवती धुरकट कडे दिसते किंवा चेंडू क्षणभर नाहीसाच होतो. 'व्हिव्हिड' नावाचा झगझगीत रंगही याच वेळी काढून टाकावा. तो शोरूमच्या लखलखाटासाठी आहे. आपल्या बैठकीत त्याने खेळाडूंचे चेहरे निळसर आणि जामठ्याचे मैदान प्लॅस्टिकचे दिसते.

प्रश्न : मल्टिप्लेक्समध्ये घरची पाण्याची बाटली अडवतात. याला काही कायदेशीर उत्तर आहे का?
— एक गृहिणी, प्रतापनगर

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये निकाल दिला की बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा अधिकार चित्रपटगृहाच्या मालकाला आहे, मात्र पिण्याचे शुद्ध पाणी मोफत ठेवले पाहिजे आणि तान्ह्या बाळाचे खाणे पालकांना नेता आले पाहिजे. तेव्हा बाटलीवरून दारात वाद घालण्यापेक्षा मोफत पाणी कोठे ठेवले आहे ते स्पष्ट शब्दांत विचारावे. काउंटरवरच्या मुलाला बहुधा ते ठाऊक असते, फक्त तो आपण होऊन सांगत नाही.

प्रश्न : माझ्या आधीच्या फोनवर रेडिओ लागत असे, नव्यावर लागत नाही. ॲपवर विविध भारती ऐकता येते, पण त्यात ती गंमत नाही. हा माझा हट्ट आहे का?
— एक रेडिओप्रेमी, वर्धमाननगर

उत्तर : हट्ट असेल तर त्यात मीही भागीदार आहे. 3 ऑक्टोबर 1957 रोजी सुरू झालेल्या विविध भारतीने एवढ्या पिढ्या सांभाळल्या, आणि ती ऐकायला इंटरनेटचा रिचार्ज लागावा हे मला आजही खटकते. फोनमधल्या एफएमला एरियल म्हणून इअरफोनची वायर लागते, कारण एफएमच्या लहरींची लांबी सुमारे 3 मीटर असते आणि तळहाताएवढ्या फोनमध्ये तेवढा तार बसवायला जागा नसते. वायरची खाच काढून टाकण्याची साथ पसरली आणि बिनवायरचे इअरफोन खपू लागले, तसा रेडिओही फोनमधून गेला. कित्येक फोनच्या चिपमध्ये तो असूनही बंद ठेवलेला असतो. एफएमची सोय बंद ठेवू नये, असे केंद्र सरकारने 2023 मध्ये फोन उत्पादकांना कळवले होते, पण ती सूचना होती, सक्ती नव्हती. पुढचा फोन घेताना दुकानदाराकडून वायरचा इअरफोन मागून स्टेशन लावून पाहावे.

त्याहून बरा उपाय म्हणजे सेलवर चालणारा लहान रेडिओ. ॲपवरचा आवाज काही सेकंद मागे असतो आणि सामन्याच्या दिवशी शेजाऱ्याच्या आरोळीवरून षटकार आधी कळतो, त्यानंतर ऐकण्यासारखे उरते काय? मीडियम वेव्ह लावताना खरखर आली तर एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करून पाहावे, रेडिओ खिडकीजवळ न्यावा आणि हळूहळू फिरवावा. आतल्या एरियलला दिशा असते, त्यामुळे एका विशिष्ट कोनात आवाज एकदम स्वच्छ होतो.

प्रश्न : आपल्याला सगळ्याचाच राग येतो असे दिसते. आपण स्वतः कशात रमता, तेही एकदा सांगावे.
— नियमित वाचक, महाल

उत्तर : दिवाळीनंतर आम्हां काही मित्रांना झाडीपट्टीतल्या नाटकांचे वेध लागतात. धान घरात आले की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या गावांत मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि वडसा येथील नाटक मंडळ्यांना श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. नाटक रात्री उशिरा उघडते आणि पहाटेपर्यंत चालते. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाल्यावर शहरातल्या पुष्कळांना या रंगभूमीचे नाव कळले, हे चांगलेच झाले, पण तिला प्रेक्षकांची वाण कधीच नव्हती. मंडपात कोणी फोनकडे पाहत बसलेले मला क्वचितच दिसले आहे. गाणे आवडले तर लोक ते पुन्हा म्हणायला लावतात आणि लांबलेला प्रवेश आवडला नाही तर तेही ताबडतोब कळवतात. गैरसोयी भरपूर आहेत. थंडी हाडांत शिरते, परतीच्या वाटेवर गाडी चालवणाऱ्याला झोप अनावर होते, म्हणून तेवढ्यापुरता एक जण मंडपातच आधी झोपवून ठेवावा लागतो.

प्रश्न : आईला फक्त सह्याद्री वाहिनी आणि जुनी गाणी हवी असतात. त्यासाठी दरमहा पैसे भरणे जिवावर येते. त्यातही टीव्ही चालू केला की आधी जाहिरातींचे पान उघडते आणि ती गोंधळून मलाच फोन करते.
— बँक कर्मचारी, जरीपटका

उत्तर : आपल्या आईंसाठी डीडी फ्री डिश पुरेशी आहे. 2004 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचे शुल्क नाही, फक्त छत्री, बॉक्स आणि बसवणावळ यांचा एकदाच खर्च येतो. नागपुरात छत्रीचे तोंड दक्षिण आणि आग्नेय यांच्या मध्ये येते, म्हणून त्या बाजूचे आकाश मोकळे असलेली जागा गच्चीवर निवडावी. मुसळधार पावसात चित्र काही वेळ जाईल. तेव्हा बॉक्सची बटणे दाबत बसू नये असे आईंना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर पाऊस थांबल्यावर वाहिन्या पुन्हा शोधण्याचे काम आपल्याकडेच येईल.

जाहिरातींचे पान टाळण्यासाठी टीव्हीच्या 'जनरल' किंवा 'सिस्टीम' विभागात, चालू होताच होम पान उघडण्याची सोय बंद करता येते का ते पाहावे. बऱ्याच टीव्हींत ती बंद होते आणि शेवटी पाहिलेले इनपुटच समोर येते. रिमोटवरची ओटीटीची बटणे मात्र काढता येत नाहीत. ती चुकून दाबली जाऊन चालू असलेला कार्यक्रम हातचा जातो. आमच्या घरी त्यांच्यावर इन्सुलेशन टेपची पट्टी लावलेली आहे, आणि ती निघू लागली की बदलायची असते.