सत्तरीची मत्स्यकन्या?

प्रश्न असा आला आहे: ‘मी एक काल्पनिक चित्र करते आहे. कमरेवर बाई, कमरेखाली मासा. पण ती तरुण नाही. सत्तरीची आहे, चेहऱ्यावर सुरकुत्या, जागोजागी खवले निघालेले, खांद्यावर जुन्या जाळ्याचा वळ. खाली “मत्स्यकन्या” लिहिलं तर चालेल का? आणि तिच्या नवऱ्याचं चित्र काढलं तर त्याला काय म्हणू?’

लिहिलंत तर कुणी चूक काढणार नाही. पण मलाही ते खटकलं असतं, आणि खटकतं ते ‘कन्या’. कन्यादान, कन्याशाळा, कन्यारत्न, सगळीकडे ही मुलगीच आहे. सत्तरीच्या बाईला कन्या म्हणणारे फक्त तिचे आईवडील, तेही हयात असले तर.

‘मत्स्य’चं काय, तेही बघू. राजकन्या म्हणजे राजाची मुलगी, त्या चालीवर मत्स्यकन्या म्हणजे माशाची मुलगी. या अर्थाने अस्सल मत्स्यकन्या एकच, महाभारतातली सत्यवती. अद्रिका नावाची अप्सरा शापामुळे मासोळी होऊन यमुनेत राहत होती, तिच्या पोटी ही जन्मली. अंगाला माशाचा वास, म्हणून मत्स्यगंधा. शेपूटबिपूट काही नव्हतं; चांगली नाव चालवायची. आज मात्र हा शब्द ऐकून सत्यवती कुणाला आठवत नाही. विषकन्या ही जशी विषाची मुलगी नसते, विष अंगात भिनवलेली मुलगी असते, तसंच इथेही मधलं काहीतरी गाळलेलं आहे हे आपण न सांगता समजतो. व्याकरणवाले याला मध्यमपदलोपी समास म्हणतात. तेव्हा मत्स्य राहू द्या, अडचण वयाची आहे.

आणि वयाच्या बाबतीत मराठी एकटी नाही. इंग्रजी मर्मेडमधला ‘मर्’ म्हणजे समुद्र किंवा तळं, ‘मेड’ म्हणजे कुमारिका. जर्मनमध्येही शब्दाच्या शेवटी कुमारिकाच बसली आहे. डॅनिश लोकांनी मात्र शहाणपणा केला. त्यांची ‘हाउफ्रूअ’ म्हणजे नुसती समुद्रातली बाई, ‘फ्रूअ’ला वयाची अट नाही. हान्स क्रिस्तियान आंदरसनची 1837 सालची प्रसिद्ध गोष्ट याच भाषेतली, आणि तिच्यात छोट्या नायिकेची आजीसुद्धा आहे! या लोकांचं आयुष्य तीनशे वर्षांचं, पुढे समुद्राचा फेस. आजी घरंदाजपणाचा मोठा तोरा मिरवणारी: शेपटीवर बारा कालवं लावून फिरते, इतर खानदानी बायकांना सहाच लावायची परवानगी. आता या आजीला मराठीत काय म्हणाल? ‘मत्स्यकन्येची आजी’ म्हणून वेळ मारून नेता येते, पण ती स्वतः कोण, हे सांगायला शब्द नाही. तुमच्या चित्राची अडचण नेमकी तीच आहे.

‘जलपरी’ने ती सुटत नाही. जल संस्कृत, परी फारसी. जोडी छान जमली आहे, पण परी मुळात पंखांची आणि कायम तरुण. शिवाय पोहण्यात पदक मिळवलेल्या प्रत्येक मुलीला वर्तमानपत्रं जलपरी करून टाकतात. पुल्लिंग करायला जावं तर ‘जलपरा’, म्हणजे हसूच.

घरचा शब्द हवा असेल तर ‘आसरा’ आठवते. विहिरीवर, डोहाकाठी साती आसरांची पूजा होते. शब्द अप्सरेवरून आलेला, आणि अप्सरेतला ‘अप्’ म्हणजे पाणीच. मोह होतो खरा, पण आसरांना शेपूट नसतं, त्या साताजणी मिळून असतात, आणि ती लोकांची जागती दैवतं आहेत. काल्पनिक चित्राखाली ते नाव मी तरी लिहिणार नाही.

नवऱ्याचं सोपं आहे. मत्स्यावतार कितीतरी चित्रांत आणि मूर्तींत असाच दिसतो, वर चार हातांचा विष्णू आणि खाली मासा. डोळ्याला सवय आहे, त्यामुळे ‘मत्स्यपुरुष’ लगेच कळतं. फक्त नरसिंहाच्या चालीवर ‘नरमासा’ करू नका, बाजारात त्याचा अर्थ मादी नसलेला मासा एवढाच होईल. याच न्यायाने तुमची बाई ‘मत्स्यस्त्री’. शब्द बिनचूक आहे, पण पाठ्यपुस्तकातल्या आकृतीखाली शोभणारा. माझं मत विचाराल तर जातीचं नाव देऊच नका. शेपूट चित्रात दिसतंच आहे, ते मथळ्यात पुन्हा कशाला? ‘दर्यातली आजी’ लिहा. वय, नातं आणि पाणी तीन्ही आले.

जाता जाता शेपटीबद्दल, विचारलेलं नसलं तरी. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. चित्रांतल्या मत्स्यकन्यांची बहुधा आडवी, वर-खाली हलणारी असते, म्हणजे डॉल्फिनसारखी किंवा समुद्रगायीसारखी. या समुद्रगायीला, डुगाँगला, खलाशी मत्स्यकन्या समजत असं म्हणतात. तिच्या गणाचं शास्त्रीय नावही ग्रीक कथांतल्या सायरनवरून, म्हणजे गाऊन खलाशांना भुलवणाऱ्या बायकांवरून, ठेवलेलं आहे. (मूळ ग्रीक सायरनना पंख होते, माशाची शेपटी नंतर चिकटली.) कोलंबसने जानेवारी 1493 मध्ये अशा तिघी पाहिल्याची नोंद आहे, आणि चित्रात काढतात तितक्या काही त्या सुंदर नाहीत असंही त्यात म्हटलं आहे. त्या बहुधा समुद्रगायीच्या नात्यातल्या मॅनटी असाव्यात. आपल्याकडे डुगाँग कच्छच्या आखातात, मन्नारच्या आखातात आणि अंदमानला आहे. तो सत्तर वर्षं जगू शकतो, म्हणजे तुमच्या आजीच्या वयाचाच. शेपटी आडवी काढलीत तर शब्दातला ‘मत्स्य’ही लटका पडतो, हे आणखी एक कारण तो मथळ्यात न आणण्याचं.

आणि शेपटीवर कालवं काढणार असाल तर मोजून बारा काढा.