आयडाहोच्या जुन्या अणुभट्टी चाचणी केंद्रात पुरलेला किरणोत्सारी कचरा कसा काढला?

थोडक्यात: खणला, निवडला आणि न्यू मेक्सिकोला धाडला. पण सगळा नाही.

अमेरिकेतल्या आयडाहोच्या माळावर १९४९ साली हे केंद्र सुरू झालं. पुढे तिथे ५२ अणुभट्ट्या बांधल्या. गंमत म्हणजे पुरलेल्यातला सगळ्यात डोकेदुखीचा कचरा त्या भट्ट्यांचा नव्हेच. तो आला कोलोरॅडोतल्या रॉकी फ्लॅट्स या अण्वस्त्र कारखान्यातून: प्लुटोनियम लागलेले फिल्टर, ग्रॅफाइट, गाळ. १९५४ ते १९७० पिंपंच्या पिंपं खड्ड्यांत लोटली, वर माती. आणि खाली? स्नेक नदीच्या मैदानाचा अवाढव्य भूजलसाठा, ज्यावर शेती आणि पिण्याचं पाणी चालतं. तेव्हा हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही, कोण जाणे.

धूळ बाहेर उडू नये म्हणून आधी खड्ड्यावर भलामोठा बंदिस्त तंबू. आत पोकलेन. बकेटभर माल ट्रेमध्ये ओतायचा आणि तांदूळ निवडावेत तसा निवडायचा. ठरलेला घातक माल बाजूला, बाकीचा परत खड्ड्यात. बाजूला काढलेला नव्या पिंपांत भरून न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबादजवळ, जमिनीखाली सुमारे ६५५ मीटरवर मिठाच्या थरात जातो. कचरा पुरायच्या ९७ एकरांच्या जागेपैकी ५.६९ एकर असे उकरले, बाकी जागेवरच झाकायचं ठरलं.

केंद्रातल्याच टाक्यांमधल्या सुमारे ९ लाख गॅलन किरणोत्सारी द्रवाचं प्रकरण वेगळं: वाफेच्या प्रक्रियेने त्याचे कोरडे दाणे करणं २०२३ मध्ये सुरू झालं, तेही वर्षानुवर्षं रखडून.