अमेरिकेत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं खरंच गुन्हा होता का?

हो, दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत होता; पण सगळ्या नाही आणि सर्व काळ नाही. साउथ कॅरोलायनाच्या 1740 च्या कायद्याने बंदी घातली ती फक्त लिहिण्यावर. शिकवणाऱ्याला 100 पौंड दंड. वाचन का सोडलं, हे त्याच कायद्यातल्या परवाना-चिठ्ठीवरून उलगडतं. मळ्याबाहेर पडायचं तर गुलामाजवळ मालकाची चिठ्ठी हवी, ती नसेल तर फटके. ज्याला लिहिता येतं तो अशी चिठ्ठी स्वतः बनवणार, दुसऱ्यालाही देणार. हा कायदा आला तो 1739 च्या स्टोनो उठावानंतर, म्हणजे साउथ कॅरोलायनातल्या गुलामांच्या बंडानंतर लगेच. त्यात ढोल आणि शिंगं वाजवायलाही मनाई होती, कारण त्यावरून इशारे जातात.

वाचनाची धास्ती पुढे वाढली, कारण गुलामगिरीविरोधी पत्रकं दक्षिणेत पोचू लागली. नॉर्थ कॅरोलायनाने 1830 मध्ये वाचन-लेखन दोन्ही बंद केलं; आकडेमोड मात्र शिकवता येत होती, कारण ती मालकाच्या कामाची! शिकवणाऱ्याची शिक्षा माणूस पाहून ठरायची:

- गोरा: 100 ते 200 डॉलर दंड किंवा कैद
- स्वतंत्र कृष्णवर्णीय: दंड, कैद किंवा 20 ते 39 फटके
- गुलाम: 39 फटके

साउथ कॅरोलायनानेही 1834 मध्ये वाचनाचा समावेश केला. केंटकीत मात्र असा कायदा नव्हता. जिथे होता तिथेही लोक चोरून शिकतच राहिले, त्यामुळे कायद्याच्या मजकुरावरून 'कुणालाच वाचता येत नव्हतं' असं समजू नका.