कूस बदलताना

प्रिय मुली,

देवगडची आपली पोर मुंबईत छातीच्या आयसीयूत रात्रपाळ्या करते, याचा मला फार आनंद आहे. तू विचारलंस, एक फुप्फुस काढल्यावर हृदय त्या बाजूला सरकणारच, मग सगळे इतके घाबरतात कशाला?

सरकतं, पण दोन तऱ्हांनी. रिकाम्या जागेत हळूहळू पाणी भरतं आणि काही आठवड्यांत हृदय त्या बाजूला ओढलं जातं. हे अपेक्षितच आहे. दुसरी तऱ्हा दुर्मीळ आणि जीवघेणी. गाठ हृदयाला फार लगटून असली, तर सर्जनला पेरिकार्डियम, म्हणजे हृदयाभोवतीची पिशवी, उघडून आतूनच फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या बांधाव्या लागतात. ते भोक उघडं राहिलं किंवा ते बुजवायला लावलेल्या पॅचचे टाके सुटले, तर हृदयच त्यातून बाहेर येतं. वैद्यकीय नियतकालिकांत याची नोंद १९४८ पासून आहे. वेळेवर ओळखूनही निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात. न ओळखल्यास जवळजवळ कुणीच वाचत नाही.

म्हणून पेशंट ताब्यात घेतानाच विचार, 'पेरिकार्डियम उघडलं होतं का? बंद कशाने केलं?' नवीन आहेस म्हणून संकोचू नकोस. उत्तर 'हो' असेल, तर पहिले २४ तास डोळ्यांत तेल घालून बस. पेशंटला कुशीवरून पाठीवर वळवताना, जोराच्या खोकल्यात, व्हेंटिलेटरचा दाब वाढल्यावर किंवा ड्रेनला, म्हणजे छातीतल्या नळीला, चुकून सक्शन (खेचणारा दाब) लागल्यावर हे घडतं. बीपी एकदम कोसळतं. उजवं फुप्फुस काढलं असेल तर हृदयाला पीळ बसून महाशिरा दाबल्या जातात, मानेच्या शिरा फुगतात, चेहरा काळानिळा पडतो. डाव्या बाजूला हृदय भोकात आवळलं जातं आणि ठोके बिघडतात.

एक्स-रेने निदान होतं, पण बीपी कोसळलेलं असताना त्याची वाट पाहू नकोस. सर्जनला हाक मारायला सांग, सक्शन असेल तर बंद कर आणि पेशंटला चांगल्या फुप्फुसाच्या कुशीवर वळव, म्हणजे ऑपरेशनची बाजू वर येईल. वजनाने हृदय माघारी येण्याची शक्यता त्यातच आहे. खरा इलाज मात्र छाती पुन्हा उघडून हृदय जागेवर बसवणं आणि भोक बुजवणं हाच. हा क्रम झोपेतही आठवेल इतका पाठ कर.

आणखी एक, आपल्या कोकणासाठी. बरे झालेले पेशंट रेल्वेने गावी परततात आणि पावसाळ्यात खोकला झाला की जवळच्या आरोग्य केंद्रात जातात. तिथल्या एक्स-रेत एक बाजू पांढरी आणि हृदय भलतीकडे दिसतं. नव्या डॉक्टरला वाटतं, छातीत पाणी झालंय, सुई घालून काढूया. त्यात जंतू शिरण्याची भीती असते. तेव्हा डिस्चार्जच्या वेळी कोणतं फुप्फुस काढलंय आणि सर्जनला विचारल्याशिवाय तिथे सुई घालू नये, हे मोठ्या अक्षरांत लिहून घे, आणि घरच्यांना मालवणीत समजावून सांग. तो कागद आणि शेवटचा एक्स-रे एकाच पिशवीत ठेवायला लाव.

तुझी,
मावशी