बाबा म्हणतात बॅटरी भरलेली ठेव, कंपनी म्हणते विक

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही मेलबर्नला पॉइंट कुकमध्ये राहतो. छपरावर सोलर होतंच, त्यात सरकारी सवलत मिळाली म्हणून १० युनिटची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी बसवली. रात्री घराला तिच्यातली पाचेक युनिट लागतात. वॉरंटी दहा वर्षं किंवा बॅटरीतून एकूण ३० मेगावॅट-अवर वीज काढेपर्यंत, जे आधी संपेल ते. आता वीज कंपनी मागे लागली आहे, की व्हर्च्युअल पॉवर प्लँटमध्ये, म्हणजे अनेक घरांच्या बॅटऱ्या एकत्र चालवायच्या योजनेत या, संध्याकाळी तुमच्या बॅटरीतली वीज आम्ही ग्रिडला घेऊ आणि पैसे देऊ. माझ्या बाबांचं सांगलीत इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान होतं. ते म्हणतात, रोज उपसलीस तर दोन वर्षांत बसेल. बसवणारा म्हणतो, सवलत घेतलीत म्हणजे प्लँटमध्ये जावंच लागेल. कोणाचं ऐकू? – अ. कु.

उत्तर: बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं खरंच आहे, पण ते ट्युब्युलर बॅटरीचं, म्हणजे इन्व्हर्टरच्या शिसं-आम्लाच्या बॅटरीचं. शिसं-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ते मग निघता निघत नाही. म्हणून ती भरलेली ठेवायची, डिस्टिल्ड वॉटर बघत राहायचं. एलएफपीचा स्वभाव वेगळा. ती दिवसेंदिवस शंभर टक्क्यांवर ठेवली आणि वरून तापली, तर एक युनिटही न वापरता म्हातारी होते. माळ्यावरच्या पैठणीसारखी जपून ठेवायची ही वस्तू नाही.

आता तुमचा हिशेब. ३० मेगावॅट-अवर म्हणजे ३०,००० युनिट. दहा वर्षांवर वाटलीत तर दिवसाला ८.२ युनिट. घर खातं पाच. म्हणजे रोजची तीन युनिट, वर्षाची हजार-अकराशे, तुम्ही वॉरंटीला धक्का न लावता विकू शकता. न विकलीत तर दहा वर्षांनी ती कोणी परत देणार नाही. बरेच लोक बॅटरीची किंमत भागिले एकूण युनिट करतात, युनिटमागे वीस-बावीस सेंट झीज काढतात आणि घाबरून बसतात. तो भागाकार बॅटरी फक्त वापरानेच झिजत असती तर बरोबर होता. काळानेही झिजते, म्हणून रोजच्या पहिल्या ८.२ युनिटांपर्यंत मी तो खर्च धरत नाही. त्यापुढे मात्र नक्की धरते.

विकायची कधी, याचं उत्तर भावात आहे. १ जुलै २०२५ पासून तुमच्या व्हिक्टोरिया राज्यात ग्रिडला दिलेल्या सोलर विजेचा किमान दर युनिटला ०.०४ सेंट ठरला. चार सेंट नव्हे, एका सेंटचा पंचविसावा भाग! दुपारी सगळ्यांचीच छपरं वीज ओतत असतात, तिला गिऱ्हाईक नाही. घाऊक बाजारात तर भाव शून्याखालीही जातो. तीच वीज सूर्य कलल्यावर, सगळे घरी येऊन एसी आणि स्वयंपाक सुरू करतात तेव्हा महाग होते. २०२५-२६ साठी घाऊक भावाची कमाल मर्यादा मेगावॅट-अवरला २०,३०० डॉलर होती, म्हणजे युनिटला २० डॉलर ३० सेंट. तिथवर भाव क्वचितच पोचतो, त्या आशेवर करार करू नका. पण आधी घर, मग ग्रिड. संध्याकाळी स्वतः विकत घ्याल त्या दरापेक्षा विकण्याचा दर कमी असेल, तर घरासाठी लागणारी पाच युनिट का द्यायची? भरताना-काढताना दहाएक टक्के वीज उष्णतेत जाते, तीही मोजा.

बसवणाऱ्याने सांगितलं ते अर्धंच खरं. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारच्या चीपर होम बॅटरीज या सवलत योजनेत ग्रिडला जोडलेली बॅटरी प्लँटमध्ये जाण्याच्या लायकीची असावी लागते, प्रत्यक्ष जाण्याची सक्ती नाही. जायचं असेल तर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: वर्षाला जास्तीत जास्त किती युनिट काढणार, किती टक्के माझ्यासाठी राखणार, आणि बॅटरी बनवणाऱ्याला हा वापर मान्य आहे का. शेवटचं फार महत्त्वाचं. टेस्लाच्या पॉवरवॉल २ या घरगुती बॅटरीच्या वॉरंटीत घरच्या सोलरपुरत्या वापराला सायकलींची (भरण्या-काढण्याच्या फेऱ्यांची) मर्यादा नव्हती, पण इतर वापर आला की ३७.८ मेगावॅट-अवरची मर्यादा लागू व्हायची. बारीक अक्षरात असतं हे सगळं. कंपनीचा माणूस फोनवर ‘नो वरीज’ म्हणतो, त्याला वॉरंटीत जागा नसते.

राखीव मी तरी वीस टक्क्यांच्या खाली नेणार नाही. १३ फेब्रुवारी २०२४ च्या वादळात व्हिक्टोरियात पाच लाखांहून जास्त घरांची वीज गेली होती. मात्र तुमच्या जोडणीत ग्रिड गेल्यावरही घराला वीज देणारं बॅकअप सर्किट आहे का, तेही इलेक्ट्रिशियनला विचारा. नसेल तर भरलेली बॅटरी भिंतीवर असूनही अंधारात बसाल.

विकण्यापेक्षा मला काळजी वाटते ती बॅटरीच्या जागेची. पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर जानेवारीतल्या चाळीस अंशांच्या दुपारी पेटीला हात लावून बघा. तापमान दहा अंशांनी वाढलं की झीज साधारण दुप्पट, हा जुना ठोकताळा आहे. वर सावली करून घ्या, हवा खेळायला जागा सोडा.

आणखी एक. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ हलत नाही, त्यामुळे किती टक्के उरली याचा यंत्राचा अंदाज हळूहळू चुकत जातो. ॲप तीस टक्के दाखवतं आणि बॅटरी एकदम बंद पडते, ती अशी. मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेवढ्या दिवसांनी एकदा पूर्ण भरू द्या. ॲपमधला ‘टोटल डिस्चार्ज’चा, म्हणजे आजवर काढलेल्या एकूण विजेचा आकडा दर १ तारखेला लिहून ठेवा, महिन्याला २५० युनिटांच्या वर जायला लागला की कंपनीला फोन करा.

प्रश्न: सांगलीच्या घरातल्या इन्व्हर्टरमधूनही महावितरणला अशी वीज देता येईल का? – तेच, बाबांच्या वतीने

उत्तर: नाही. साधा होम इन्व्हर्टर ग्रिडशी ताल जुळवून वीज देण्यासाठी बनवलेलाच नसतो. छपरावर सोलर घालून नेट मीटरिंग घेतलं, तर दिवसा जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि बिलातून वळती होते. त्याला बॅटरी लागत नाही. आणि कोणी वायरमन ‘जोडून देतो’ म्हणाला तर जोडू देऊ नका. लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात तुमच्या घरची वीज जाईल.